प्रकल्प नोंदी : नौशेरा–राजौरी रस्ता, ९ एप्रिल १९४८, सायंकाळी सव्वासहा

८ जून २०२५, रविवार

नव्या देखाव्याचा, म्हणजे छोट्या मॉडेलांतून मांडायच्या प्रसंगाचा, विषय आज एकदाचा ठरला : १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातली, जम्मूच्या डोंगराळ रस्त्यावरची एक संध्याकाळ. वेळ इतकी नेमकी लिहिता येते, याचे श्रेय माझ्या कल्पनाशक्तीला नाही. बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात ८ ते ११ एप्रिल या चार दिवसांचा हिशेब जवळजवळ तासागणिक दिलेला आहे. ८ तारखेला सकाळी ११ वाजता नादपूर दक्षिणजवळ उखळी तोफांचा मारा झाला. सुरुंग काढणाऱ्या तुकडीतले दोन जण ठार झाले आणि राण्यांसह पाच जण जखमी झाले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची धार हाती आली, तेव्हापासून रात्री दहापर्यंत राणे रणगाड्यांसाठी वळणरस्ता करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात करून दुपारी तीनला तो पुरा केला आणि ताफा निघाला. अर्ध्या मैलावर चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांचा अडथळा लागला. तो स्फोटाने उडवला. तीनशे यार्डांवर पुन्हा तसाच अडथळा, त्यापुढे उडवून दिलेली मोरी. आणि सव्वासहाला, उजेड झपाट्याने उतरत असताना, पाच मोठी चिडाची झाडे, त्यांच्याभोवती सुरुंग आणि वरून मशीनगनचा मारा.

ताफा तिथेच थांबला, म्हणून देखावाही तिथेच थांबणार आहे.

९ जून

आज जुन्या वहीतले पहिले रेखाटन काढून पाहिले आणि बाजूला ठेवले. त्यात राणे स्टुअर्ट रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत आहेत आणि दोरी ओढून चालकाला ‘थांब’ आणि ‘चल’ अशा खुणा करत आहेत. ही हकीकत वारंवार सांगितली जाते आणि ती थरारक आहे यात शंका नाही. पण मॉडेलच्या पोटाखाली पट्टी घातली तर जागा भरते एक सेंटिमीटरहून थोडीच अधिक, म्हणजे प्रत्यक्षात चाळीस सेंटिमीटरच्या आतबाहेर. तिथे बसवलेली आकृती पाहण्यासाठी प्रत्येकाला टेबलावर गाल टेकवावा लागेल. शिवाय मानपत्र असे सांगते की ९ तारखेला ताफ्याच्या तोंडाशी रणगाडा नव्हता. राणे आघाडीच्या कॅरिअरमध्ये, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या बिनछपराच्या छोट्या चिलखती गाडीत, बसून पुढे गेले आणि प्रत्येक अडथळ्याशी उतरले. त्यामुळे आता वाहने दोन : पुढे युनिव्हर्सल कॅरिअर, मागे स्टुअर्ट.

१५ जून, रविवार

आज पुठ्ठ्याच्या ठोकळ्यांवर मांडणी करून पाहिली. प्रमाण १/३५. या प्रमाणात स्टुअर्ट सुमारे १४ सेंटिमीटर लांब आणि साडेसहा सेंटिमीटर रुंद होतो, कॅरिअर साडेदहा सेंटिमीटरच्या जवळ जातो. रस्ता साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे चार मीटर, रुंद धरला आहे. डावीकडे कापलेला डोंगर, उजवीकडे दरीचा उतार आणि या दोहोंमध्ये आडवी पडलेली झाडे. बैठक ४५ बाय ३० सेंटिमीटरची, प्लायवूडची.

डायोरामा या शब्दाला मी सरळ ‘देखावा’ म्हणतो, कारण पुण्यात हा शब्द गणपतीपुढे मांडलेला असतो आणि दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे उभे करताना आपण सगळे हेच तर शिकलो. मात्र त्या शिकवणीत एक खोड आहे. गणपतीच्या देखाव्यात सगळी पात्रे प्रेक्षकांकडे तोंड करून असतात आणि किल्ल्यावरचा प्रत्येक मावळा रस्त्यावरून जाणाऱ्या पाहुण्यांकडे बघत असतो. माझी पहिली मांडणी नेमकी तशीच झाली होती : दोन्ही वाहने पाहणाऱ्याकडे नाक करून उभी आणि झाडे जवळच्या कडेला. ती फिरवली. आता वाहनांची पाठ आपल्याकडे आहे, रस्ता वळत वर जातो आणि अडथळा पलीकडच्या बाजूला आहे. पाहणारा ताफ्यातल्या तिसऱ्या गाडीच्या जागी उभा राहतो.

२९ जून, रविवार

कॅरिअरचे बहुतेक सारे काम झाले. सुट्या प्लास्टिक भागांचा हा संच जुन्या साच्याचा आहे आणि जोडायला सोपा आहे. तरी आतल्या तळावर आणि बाजूच्या पत्र्यांवर साच्याच्या खिळ्यांचे गोल वळ जागोजागी उठलेले आहेत. वर छप्पर नसलेल्या वाहनात लपवायला जागाच नसते. एकूण २३ वळ पुट्टीने भरले आणि ६०० व १००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओले घासले. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

या वाहनाची सुकाणूची रीत मला फार आवडते, आणि ती दाखवण्याची संधी इथे चालून आली आहे. चालक चक्र थोडेसे फिरवतो तेव्हा पुढच्या चाकांची जोडी आडव्या नळीवरून बाजूला सरकते आणि पट्टा कमानीसारखा किंचित वाकतो. त्या बाकानेच गाडी हलके वळण घेते. चक्र अधिक फिरवले तरच एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागतो. वळणाच्या रस्त्यावर थांबलेल्या कॅरिअरचे पट्टे म्हणूनच सरळ रेषेत नसावेत. संचातले पट्टे लवचीक असल्यामुळे पुढच्या चाकांची जोडी दीड मिलिमीटर डावीकडे सरकवून चिकटवली आणि गरम पाण्यात बुडवलेला पट्टा त्यावर ओढून रात्रभर टाचण्यांनी तसाच धरून ठेवला. सकाळी टाचण्या काढल्या तेव्हा बाक कायम होता. दहापैकी नऊ जणांना वाटेल की पट्टा नीट बसलेला नाही, आणि त्याला माझा इलाज नाही.

१३ जुलै, रविवार

गेल्या शनिवारी अहिल्यानगरला, जे आमच्या तोंडी अजून नगरच आहे, रणगाडा संग्रहालय पाहून आलो. मनात एकच काम होते : चाकांची झोळी, म्हणजे चाके तोलून धरणारी स्प्रिंगची रचना. स्टुअर्ट आणि शर्मन या दोन्ही अमेरिकी रणगाड्यांत चाकांच्या जोड्या उभ्या, शंकूसारख्या गुंडाळलेल्या पट्टीच्या स्प्रिंगवर टेकलेल्या असतात, त्यामुळे शर्मन नीट पाहिला तर स्टुअर्टच्या बांधणीतल्या शंका बऱ्याचशा फिटतात. स्प्रिंगच्या घरावरचे बोल्ट, रबरी टायरच्या कडेचे तुकडे आणि मागच्या ताणचाकाचा आधार यांची छायाचित्रे घेतली. रंगाच्या बाबतीत मात्र अशा ठिकाणी काही शिकायला मिळत नाही. मोकळ्या हवेत मांडलेल्या गाड्यांना निगेसाठी रंगाचे थरावर थर दिलेले असतात. युद्धातली गाडी अशी कधीच दिसत नाही.

संच एम५ए१ जातीचा घेतला आहे. मागच्या बाजूला छत उंच झालेले आहे, कारण खाली दोन कॅडिलॅक व्ही-८ इंजिने शेजारी शेजारी बसवलेली असतात. ३७ मिलिमीटरची तोफ, चार जणांची तुकडी आणि वजन सुमारे १५ टन. पंधरा टन हा आकडा मला जमीन करताना लागणार आहे. संचात पाण्यात भिजवून चिकटवायच्या पांढऱ्या अमेरिकी ताऱ्यांच्या खुणा आहेत. त्या अर्थातच लावायच्या नाहीत. पाण्यात बुडवायच्या आधीच कात्रीने वेगळ्या करून डबीत टाकल्या, म्हणजे घाईत हात चुकायला नको.

२० जुलै, रविवार

रंगकाम. काळ्या प्रायमरवर तामिया कंपनीचा ऑलिव्ह ड्रॅब, एक्सएफ-६२, पातळ थरांत फवारला. अमेरिकेहून आलेल्या गाड्यांचा मूळ रंग हाच, म्हणून स्टुअर्टला तो जवळजवळ तसाच ठेवला. कॅरिअरला त्यात गडद हिरवा, एक्सएफ-६१, मिसळून किंचित वेगळी छटा दिली. दोन्ही वाहने एकाच डब्यातून रंगवल्यासारखी दिसू लागली की देखावा दुकानाच्या काचेतला वाटतो.

उजेडाचा प्रश्न यापेक्षा मोठा होता. हल्ली रणगाड्यांच्या रंगकामात प्रत्येक पत्रा मध्यभागी फिकट आणि कडेला गडद करण्याची रीत आहे, जणू प्रत्येक पत्र्यावर स्वतंत्र सूर्य उगवला आहे. मीही ते करत आलो आहे. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, डोंगरांच्या खोबणीत, सव्वासहाला सूर्य धारेआड गेलेला असणार. मानपत्रही उजेड मावळत असल्याचे सांगते. सावल्यांना धार नाही, उंचवट्यांवर चमक नाही. त्यामुळे उजळवण्याचे काम फक्त आकाशाकडे तोंड असलेल्या सपाट पृष्ठांवर, मूळ रंगात थोडा बफ, एक्सएफ-५७, मिसळून, आणि तेही इतके अल्प की फोटोत दिसू नये. गाडी दिसायला कंटाळवाणी झाली आहे. मला ती तशीच हवी आहे.

२६ जुलै, शनिवार

अपघात. वॉश, म्हणजे पातळ गडद रंगाचा हात, वाळल्यावर स्टुअर्टवर मॅट व्हार्निश फवारले आणि पाच मिनिटांत संपूर्ण टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, पांढुरके झाले, जणू कोणी त्यावर पिठाची चाळणी झटकली. बाहेर चार दिवस संततधार, खोलीतल्या भिंतींनाही ओल, आणि मी घाईवर आलेला माणूस. दमट हवेत फवारलेले व्हार्निश वाळताना हवेतली ओल धरते आणि थर धुरकट होतो, हे मला माहीत होते. माहीत असून केले, म्हणून दोष कोणाला देता येत नाही.

कॅरिअर अद्याप व्हार्निशशिवाय होता, एवढे नशीब.

३ ऑगस्ट, रविवार

दुरुस्ती झाली, पुष्कळशी. कपाटात चाळीसचा बल्ब दोन तास पेटता ठेवून आधी मॉडेल कोरडे केले, मग चकचकीत व्हार्निशचा ओलसर थर दिला. धुरकटपणा म्हणजे थराच्या पृष्ठावरचा सूक्ष्म खडबडीतपणा. चकचकीत व्हार्निश त्या खाचांत उतरले की खालचा रंग पुन्हा दिसू लागतो. डोळ्यांदेखत हिरवा रंग परत आला तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत मागे टेकलो. फक्त टरेटच्या मागच्या बाजूला, साठवणपेटीच्या खाली, अंगठ्याएवढा भाग अजून फिकट आहे. तिथे गुंडाळलेली ताडपत्री बांधायची ठरवली. मॅट थर आता पाऊस उघडल्यावर.

१० ऑगस्ट, रविवार

झाडे. या देखाव्यातली सगळ्यात कठीण गोष्ट रणगाडा नसून ही पाच झाडे आहेत, हे मला आज कळले.

खोडांसाठी कोकणातल्या किनाऱ्यावरून आणलेल्या सुरूच्या वाळक्या फांद्या वापरल्या. जाडी १२ ते १६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात चाळीस ते छप्पन्न सेंटिमीटर व्यासाचे खोड, आणि टोकाकडे निमुळते होण्याची चालही ठीक आहे. साल मात्र सर्वस्वी चुकीची. सुरूची साल उभ्या, सुटणाऱ्या पट्ट्यांची असते. चिडाची साल जाड, तांबूस तपकिरी, मगरीच्या पाठीसारख्या खवल्यांत फुटलेली आणि खवल्यांमधल्या भेगा जवळजवळ काळ्या. म्हणून फांद्या खरडून साफ केल्या, त्यांवर एम-सीलचा मिलिमीटरभर थर लाटला आणि तो कडक होण्याआधीच्या अर्ध्या तासात सुईने खवले कोरले. पहिल्या खोडावर खवले इतके नेटके आले की त्याची विटांची भिंत झाली. दुसऱ्यापासून सुई सोडून तुटलेल्या टूथब्रशचे टोक वापरले आणि मुद्दाम डाव्या हाताने काम केले. डाव्या हाताला नेटकेपणा येत नाही. पहिले खोड सर्वांत खाली घालणार आहे.

पानांचे गणित वेगळे. चिडाची सुईसारखी पाने तिनाच्या झुबक्यात येतात आणि वीस ते तीस सेंटिमीटर लांब असतात, म्हणजे १/३५ मध्ये सहा ते साडेआठ मिलिमीटर. बाजारात मिळणारी तयार मॉडेल-झाडे आखूड पानांच्या वृक्षांसाठी केलेली असतात आणि त्यांनी चीड कधीच दिसत नाही. वाण्याकडची सुतळी उकलली, तंतू हिरव्या पोस्टर रंगात भिजवून वाळवले, कात्रीने सात-आठ मिलिमीटरचे तुकडे केले आणि फेविकॉल लावलेल्या बारीक तारांच्या टोकांना झुबक्या-झुबक्यांनी चिकटवले. एका फांदीला वीस मिनिटे लागतात. पाच झाडांना मिळून नव्वदएक फांद्या आहेत. झाडे अडथळ्यासाठी अलीकडेच पाडलेली असणार, म्हणून पाने हिरवीच ठेवली, फक्त टोकांना पिवळसर झाक. खोडांच्या बुंध्याशी कुऱ्हाडीचा तिरपा घाव आणि ताजे, लोण्यासारखे पिवळट लाकूड. संपूर्ण देखाव्यात सर्वांत उजळ रंग हाच आहे, आणि नजर आपोआप तिथे जाते.

१७ ऑगस्ट, रविवार

जमीन. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल कापून डोंगराचा उतार केला, वर कागदाचा लगदा आणि फेविकॉल, त्यावर चाळलेली माती. इथली काळी माती चालणार नाही हे उघड आहे. नर्सरीतून आणलेल्या तांबड्या मातीत राखाडी वाळू मिसळून धुळकट, फिका तपकिरी रंग साधला.

पंधरा टनांचा हिशेब इथे लागला. पुष्कळ देखाव्यांत रणगाडा जमिनीवर नुसता ठेवलेला असतो, चिमटीने उचलला तर खाली काही खूण राहत नाही. लगदा ओला असतानाच जादा पट्ट्याचा तुकडा दाबून स्टुअर्टच्या मागे दोन माग उमटवले. कॅरिअर चार टनांच्याही आतला, म्हणून त्याचे माग उथळ आणि स्टुअर्टच्या मागांखाली अर्धवट पुसलेले, कारण तो आधी गेला.

याच रस्त्यावरचा चिंगसचा मुघल सराय करण्याचा मोह गेले दोन आठवडे होत होता. जहांगीर बादशहाची आतडी जिथे पुरली, तोच हा सराय, आणि १० एप्रिलला दुपारी दोनला रणगाडे तिथवर पोचले. कमानी करायला मला फार आवडते. पण तो दुसरा दिवस आहे आणि दुसरी जागा आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

आकृती एकूण सात. कॅरिअरचा चालक, ब्रेन गन या हलक्या मशीनगनवरचा जवान, टरेटमधून अर्धवट वर आलेला रणगाड्याचा कमांडर आणि जमिनीवर चार सॅपर, त्यांत राणे. ब्रिटिश सैनिकांच्या संचातून घेतल्या, हात आणि माना कापून नव्या कोनात बसवल्या आणि एकाला एम-सीलचा पटका बांधला. पटक्याची घडी करताना पुट्टीचा थर कागदाइतका पातळ लाटून त्याच्या पट्ट्या कापाव्या लागतात; गोळा डोक्यावर ठेवून त्यावर रेघा ओढल्या तर तो भोपळा दिसतो.

त्वचेचा रंग हा आपल्याकडच्या मॉडेलकारांचा जुना त्रास आहे. डब्यावर ‘फ्लेश’ लिहिलेला रंग गुलाबी असतो आणि त्यात तपकिरी मिसळला की आजारी, राखट छटा येते. मी उलट्या बाजूने सुरुवात करतो : आधी तपकिरी, एक्सएफ-१०, मग त्यात थेंबाथेंबाने गेरूसारखा तांबडा आणि पिवळा, आणि गुलाबी फ्लेश सर्वांत शेवटी, फक्त नाकाच्या शेंड्याला व गालाच्या हाडाला. सातही चेहऱ्यांना वेगवेगळे मिश्रण दिले. दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्यावर राबलेल्या माणसांचे चेहरे एकसारखे सावळे नसतात. धुळीने कपाळ फिके आणि घामाने मान गडद होते.

बुधवारी गणपती. आता अनंत चतुर्दशीपर्यंत टेबल आवरून ठेवायचे आहे.

७ सप्टेंबर, रविवार

आज सुरुंग. ऑफिसातल्या पंचिंग मशीनने जाड कार्डाच्या चकत्या पाडल्या. सहा मिलिमीटर व्यास म्हणजे प्रत्यक्षात एकवीस सेंटिमीटर, रणगाडाविरोधी सुरुंगाच्या आकाराच्या बऱ्यापैकी जवळ. तीन चकत्या एकावर एक, वर पातळ फेविकॉलचा हात. बहुतेक अर्धे मातीत पुरले, तीन उकरून रस्त्याच्या कडेला ठेवले. साफ केलेल्या वाटेच्या खुणेसाठी पांढऱ्या कागदी टेपची दीड मिलिमीटर रुंद पट्टी अंथरली.

आमच्या सोसायटीत बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. खडकीला त्यांनी उमेदीची वर्षे काढली. विसर्जनाचा प्रसाद द्यायला आले आणि टेबलापाशी बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. मला वाटले, स्टुअर्टबद्दल काही बोलतील. ते वाकले आणि गुडघ्यावर बसून संगिनीने सुरुंग शोधणाऱ्या सॅपरकडे बोट करून म्हणाले, “सर, ह्याला मारलात की तुम्ही.”

मी विचारले, काय चुकले.

“संगीन अशी उभी खुपसली तर टोक सुरुंगाच्या डोक्यावरच बसणार ना. तिरपी धरायची, जमिनीलगत, म्हणजे ती त्याच्या बाजूला लागते. आणि जोर मनगटाचा द्यायचा, खांद्याचा नाही.” त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलून दाखवली, जमिनीशी तीसएक अंशांचा कोन झाला. मग थोडे थांबून म्हणाले, “आणि त्याच्या मागे दुसरा माणूस इतका चिकटून नको. एक गेला तर एकच जावा.”

ते गेल्यावर आकृतीचा हात खांद्यापासून कापला, कोपर खाली आणले, संगीन तिरपी केली. मागच्या सॅपरला सव्वादोनशे मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आठ मीटर, मागे कॅरिअरच्या आडोशाला नेले. त्यामुळे झाडे आणि कॅरिअर यांच्यामध्ये रस्त्याचा मोठा तुकडा रिकामा पडला आणि त्या रिकाम्या तुकड्यात आता दोनच माणसे आहेत. मी जवळजवळ तीन महिने मांडणी जुळवत होतो. ती आज जुळली.

१४ सप्टेंबर, रविवार

चार दिवस ऊन पडले, त्याचा फायदा घेऊन मॅट थर दिला आणि या वेळी तो नीट बसला. दोन्ही वाहनांच्या खालच्या भागावर जमिनीचीच माती कुटून, चाळून कोरड्या ब्रशने लावली. टरेटच्या मागे ताडपत्री बांधली. दोन्ही वाहने बैठकीला खालून स्क्रूने पक्की केली.

उरला होता एकच निर्णय. त्या संध्याकाळी राण्यांनी सुरुंग काढायला सुरुवात केली, पण ताफ्याच्या प्रमुखाने परिस्थिती पाहून गाड्या मुक्कामाच्या जागी वळवल्या. अडथळा दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला पुन्हा हाती घेतला गेला आणि साडेसहाला मोकळा झाला. म्हणजे या देखाव्यातले काम अपुरे राहणार आहे. पांढरी पट्टी मी आधी थेट पहिल्या खोडापर्यंत नेली होती. ती आज पात्याने उचलून निम्म्यावर तोडली आणि उरलेली गुंडाळी सॅपरच्या गुडघ्याशी ठेवली. पाचही झाडे जागच्या जागी आहेत. राण्यांची आकृती पट्टीच्या टोकापाशी वाकलेली आहे आणि कॅरिअरच्या मागच्या डाव्या कप्प्यातली त्यांची जागा मोकळी ठेवली आहे.